मंगळवारी सकाळी कोण चालवणार?

परवा ऑफिसात चहाच्या वेळी आमच्या टीममधला सायकलवाला मित्र एक फॉर्म घेऊन आला. (सायकलवाला म्हणजे दुकानदार नव्हे. दर रविवारी पहाटे चारला उठून खेड शिवापूरला जाणारा आणि सोमवारी त्याचं स्टेटस दाखवणारा.) "दोनशे किलोमीटरची राइड मारतोय. किलोमीटरमागे किती देतोस?"

कशासाठी? तर पुण्यात इनडोअर वेलोड्रोम व्हावा म्हणून. त्यांच्या ग्रुपातल्या तीस-चाळीस जणांनी ठरवलंय की प्रत्येकाने लोक गाठायचे, पैसे जमवायचे, त्यातून एखाद्या आर्किटेक्टकडून प्राथमिक आराखडा करून घ्यायचा आणि तो काखोटीला मारून महापालिका आणि सीएसआरवाल्यांचे उंबरठे झिजवायचे. आज जागा नाही, परवानगी नाही, आहे तो निव्वळ उत्साह. पण असे लोक मला आवडतात, त्यामुळे पैसे द्यायला माझी ना नव्हती.

चूक एवढीच झाली की मी एक प्रश्न विचारला. "ते बांधून झाल्यावर मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे सायकल कोण चालवणार?" पठ्ठ्या चहा अर्धा टाकून गेला. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीचा लंबगोल ट्रॅक. ऑलिंपिकला लागतो तो २५० मीटरचा, लाकडी, आणि वळणांवर भिंतीसारखा उभा राहिलेला. त्यावरच्या सायकलीला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. मी २०११ साली कंपनीच्या कृपेने मँचेस्टरला होतो, तेव्हा तिथल्या वेलोड्रोममध्ये नवशिक्यांसाठीच्या एका तासाच्या सेशनला गेलो होतो. तिथल्या वळणाचा चढ ४२ अंशांचा. कागदावर कोनमापक ठेवून बघा, म्हणजे कळेल माझी काय अवस्था झाली असेल! प्रशिक्षकाने एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: घाबरलात तर जोरात पेडल मारा, थांबू नका. वेग कमी झाला की वळणावर चाक घसरतं. आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटल्यावर ब्रेक न मारता वेग वाढवला.

पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. मधला वार, भर दुपार, आणि ट्रॅकवर गर्दी. आमच्याआधी शाळेतली पोरं होती, आमच्यानंतर पांढऱ्या केसांच्या आजोबांचा एक कंपू वाट बघत उभा होता. सायकली भाड्याने मिळत होत्या, बूट भाड्याने मिळत होते. कुणाला दहा हजारांचं हेल्मेट घेऊन यावं लागत नव्हतं.

आता जरा तारखा बघू. मँचेस्टरचा वेलोड्रोम १९९४ ला उघडला. दोनच वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, ब्रिटनला सायकलिंगमध्ये एकही सुवर्ण मिळालं नाही. मग लॉटरीतून खेळांना दर वर्षी ठरलेला पैसा मिळू लागला. पूर्णवेळ कोच आले, तंत्रज्ञ आले. २००० साली सिडनीला ट्रॅकवर एक सुवर्ण, २००४ ला अथेन्समध्ये दोन, आणि २००८ ला बीजिंगमध्ये ट्रॅकवरच्या दहापैकी सात. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर चौदा वर्षं! आणि त्या चौदा वर्षांत पैसा येत होता तो विटा-सिमेंटवर नव्हे, माणसांवर.

"ते इंग्लंड आहे रे," असं म्हणायची सोय नाही, कारण आपल्याकडेही उदाहरण आहे. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इनडोअर वेलोड्रोम बांधला गेला. स्पर्धा संपल्या, पुढच्या बातम्या घोटाळ्यांच्या, आणि आपण सगळे तो वेलोड्रोम विसरून गेलो. पण तिथे राष्ट्रीय अकादमी सुरू झाली, पोरं हॉस्टेलला राहायला आली. अंदमान-निकोबारचा एसो अल्बेन आणि मणिपूरचा रोनाल्डो सिंग हे त्यातलेच. २०१९ ला जर्मनीत झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत भारताने टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात हे दोघे होते. २०२२ ला रोनाल्डोने त्याच दिल्लीच्या ट्रॅकवर आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं. म्हणजे इथेही छप्पर ते पदक असा नऊ वर्षांचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर रोज सकाळी कुणीतरी दिवे लावत होतं, सायकलींना हवा भरत होतं, पोरांना जेवू घालत होतं.

आता पुणं. एके काळचं सायकलींचं शहर वगैरे आपण छाती फुगवून सांगतो. मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' कोण हे आपल्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ असायचं. १९९४ च्याच राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल झालं, आणि तिथे वेलोड्रोम आहे. उघडा आहे, पण आहे. हे वाचणाऱ्यांपैकी हिंजवडीला जाताना त्याच्या शेजारून रोज जाणारे शेकड्याने असतील. आत जाऊन तो पाहिलेले किती? मी स्वतः मँचेस्टरचा ट्रॅक आधी पाहिला, बालेवाडीचा नंतर. लाज वाटते, पण खरं आहे.

मित्राचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस. ओल्या ट्रॅकवर वळणावर चढणं म्हणजे आत्महत्या. बाकीचे महिने दुपारचं ऊन. छप्पर ही चैन नाही, सरावाचे दिवस दुप्पट करणारी गोष्ट आहे. आणि त्याचा दुसरा मुद्दाही बिनतोड आहे: "तू म्हणतोस आधी खेळाडू दाखवा. अरे, मँचेस्टरला तरी आधी काय होतं? बांधलं म्हणून आले ना?" मान्य. कोंबडी आधी की अंडं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

पण आपण सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पगार घेऊन शिकलोय. गो-लाइव्हच्या दिवशी केक कापायला सगळे असतात, रात्री दोनला सपोर्टचा फोन उचलायला कुणी नसतं. लाकडी ट्रॅक तर त्याहून नाजूक. त्याला ओल चालत नाही, धूळ चालत नाही, गळकं छप्पर अजिबात चालत नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. मला वाटतं, घर पाहावं दहा वर्षं राखून.

आणि खरं सांगू? साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर काढणारे आपण तिथले गिऱ्हाईक नाहीच. आपण दोनदा जाऊ, फोटो टाकू, संपलं. तो ट्रॅक लागणार आहे चौदा वर्षांच्या पोरांना, ज्यांच्या घरी पाच गिअरची सायकलही नाही. त्यांना आज काय हवंय? ट्रॅकच्या वीसेक सायकली, एक पगारी कोच, आणि महापालिकेच्या शाळेतून बालेवाडीपर्यंत न्यायला गाडी. एक उन्हाळा एवढंच करून बघा. मंगळवारी सकाळी तिथे वीस पोरं फिरताना दिसली, की आराखड्यासोबत त्यांची हजेरी जोडा. सीएसआरवाला थ्रीडी चित्रापेक्षा त्या हजेरीला जास्त मान देईल.

असो. काल त्या मित्राला गाठला. दोनशे किलोमीटरचे, किलोमीटरमागे वीस रुपये, असे चार हजार दिले. फॉर्मवर लिहिलं: निम्मे आराखड्यासाठी, निम्मे सायकली आणि कोचसाठी. त्याने वाचलं, जरा हसला, म्हणाला, "असा कॉलमच नाहीये."

म्हटलं, तेच तर सांगतोय. कॉलम कर.