सरप्राइज नको, वेळापत्रक द्या

आधी एक गोष्ट निकालात काढतो, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. नाही, मला कुणी बाटवलेलं नाही. 2024 च्या ऑक्टोबरात ओहायोतल्या एका कॅथलिक चर्चच्या युवा रिट्रीटला मी स्वयंसेवक म्हणून गेलो, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत बटाटे सोलले, भांडी घासली आणि सोमवारी सकाळी स्टँडअपला हजर झालो. हापिसातल्या लीडने "किचनमध्ये माणसं कमी पडतायत, येतोस का?" म्हणून विचारलं होतं. मी हिंदू आहे हे त्याला माहीत होतं आणि बटाट्यांना काही फरक पडत नव्हता. आमच्या मंडळातल्या काही मंडळींना मात्र पडला. "अरे, अशीच सुरुवात होते" वगैरे. आता काय बोलणार? तिथली जवळजवळ सगळी पोरं जन्माने कॅथलिकच होती, बाटवायचं कुणाला? त्या वीकांताबद्दल आक्षेप घेण्यासारखं बरंच आहे, पण ते हे नव्हे.

माझा आक्षेप वेगळा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पुढच्या दोन दिवसांत आपल्याशी काय होणार आहे हे मुद्दाम सांगायचं नाही, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही.

म्हणजे बघा. शुक्रवारी पोरं आली की आधी मोबाइल जमा. ते ठीक, उलट चांगलंच. मग घड्याळंही जमा. त्यामागे तत्त्वज्ञान आहे: ग्रीक भाषेत काळाला दोन शब्द, क्रोनोस म्हणजे घड्याळातला आणि कायरोस म्हणजे योग्य वेळेचा. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात एवढंच होतं की रात्रीचा एक वाजलाय हे पोरांना कळत नाही आणि आम्हा किचनवाल्यांना कळतं. सकाळी साडेसहाला पुन्हा घंटा. दिवसभर एकेक मोठा मुलगा किंवा मुलगी उभी राहून आपली कहाणी सांगते, आईबाबांचा घटस्फोट, दारू, आजारपण. मग छोट्या गटात "आता तू बोल". शनिवारी रात्री कन्फेशन, आणि त्यानंतर, पोरं पार थकलेली असताना, प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड पाकीट. त्यात आईची, बाबांची, आजीची, शिक्षकांची पत्रं. महिनाभर आधीपासून गुपचूप मागवलेली. पुढे काय होतं ते सांगायला नको. मी खरेदीची यादी पाहिली होती. एकतीस पोरांसाठी टिश्यूचे चोवीस बॉक्स. कांद्याच्या खाली, पेपर प्लेट्सच्या वर.

ही पद्धत काही कालची नाही. 1944 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर एदुआर्दो बोन्निन आणि त्याच्या साथीदारांनी 'कुर्सियो' नावाचं तीन दिवसांचं शिबिर सुरू केलं. 1957 मध्ये ते टेक्सासमधल्या वेको गावात, म्हणजे अमेरिकेत पोचलं. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला आणि त्यागाला त्यात 'पलांका' म्हणतात, स्पॅनिशमध्ये तरफ. पुढे पुढे ह्या पत्रांनाच पलांका म्हणायला लागले. शब्द किती चपखल आहे! तरफेने आपण काय करतो? जे स्वतःहून हलत नाही ते कमी जोरात हलवतो. आता मूळ कुर्सियो मोठ्या माणसांसाठी होतं, स्वतःच्या पायांनी आलेल्या. साठच्या दशकात त्याच्या शाळकरी आवृत्त्या निघाल्या. साचा तोच, फक्त समोरचा माणूस सोळा वर्षांचा. मोठ्यांचं औषध, डोस तोच, आणि बाटलीवरचं लेबल काढून टाकलेलं.

रविवारी परत येताना गाडीत लीडशी ह्यावर तासभर वाद झाला. त्याचं म्हणणं, "सिनेमाचा शेवट आधी सांगतोस का? पत्रं येणार हे कळलं तर त्यातली जादू जाईल." आणि "कुणावर जबरदस्ती नाही." मला पहिला मुद्दाच पटत नाही. सिनेमात मी अंधारात बसून दुसऱ्याची गोष्ट बघतो. इथे पोरगं स्वतःची गोष्ट बारा जणांसमोर उघडी करतं, आणि सोमवारी त्यातले पाच जण त्याच्या वर्गात असतात. जबरदस्ती नाही म्हणजे काय? नाही म्हणायला आधी माहीत तर पाहिजे कशाला नाही म्हणायचंय. आणि जी श्रद्धा वेळापत्रक छापल्याने विरघळते, तिची काळजी त्याने करायला हवी, मी कशाला करू?

इगतपुरीचं उदाहरण घ्या. धम्मगिरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, मोबाइल जमा, पहाटे चारला घंटा, संध्याकाळी नव्या साधकाला जेवण नाही, दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान. रिट्रीटपेक्षा कितीतरी कडक. पण ह्यातली ओळन् ओळ अर्ज भरण्याआधी तुमच्यासमोर असते. सगळं वाचूनही लोक जातात, आणि ज्यांना रडू यायचं त्यांना तिथेही येतंच.

आता ह्यावर "बघा, म्हणजे आपलंच भारी!" म्हणून टाळ्या पिटू नका. कारण एका बाबतीत ते आपल्या कैक मैल पुढे आहेत. बटाटे सोलायच्या आधी माझ्या बोटांचे ठसे घेतले, पार्श्वभूमी तपासली, आणि मुलांशी कसं वागायचं ह्याचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही, म्हणजे नाही. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. जानेवारी 2002 मध्ये बॉस्टन ग्लोबने पाद्र्यांनी केलेले मुलांचे लैंगिक अत्याचार आणि त्यावर घातलेलं पांघरूण उघड केलं, तेव्हा कुठे त्याच वर्षी जूनमध्ये डॅलसला अमेरिकन बिशपांनी सनद मंजूर केली. उशिरा केलं, नाक दाबल्यावर केलं, पण केलं. मी शाळेत असताना मे महिन्यात तीन संस्कार शिबिरांना गेलो. तिथले दादा आणि ताई कोण होते, कुणी पाठवले होते, ह्याची चौकशी माझ्या माहितीत कुणी केली नव्हती. "ओळखीतले आहेत" एवढं पुरायचं.

आणि पत्रांबद्दलही एक कबूल करायलाच हवं. पत्रं स्वतः वाईट नाहीत. आपल्याकडे बाप पोराला लिहून सांगतो का की बाबा रे, मला तुझं कौतुक वाटतं? आमच्या बाबांचं सगळं प्रेम "जेवलास का?" आणि "गाडीत हवा भरली का?" ह्या दोन वाक्यांत मावतं. तेव्हा पत्र लिहायला लावणं ही मोठीच गोष्ट. पण ते एखाद्या मंगळवारी, झोप पूर्ण झालेली असताना का नाही द्यायचं?

शनिवारी दुपारी एका मुलाचं पाकीट अगदी पातळ निघालं. एकच पत्र, शाळेतल्या बाईंचं. घरून काही नाही. धावपळ सुरू झाली, आणि एक काकू किचनमध्ये कागद घेऊन आल्या: "काहीही लिहा, तू स्पेशल आहेस, आम्हाला तुझा अभिमान आहे." चौघांनी लिहिलंही. त्याला न ओळखणाऱ्या चौघांनी. मला ते जमेना. ज्याच्या घरून पत्र आलं नाही त्याला ते समजतंच की, अनोळखी अक्षरातल्या अभिमानाने काय झाकणार? मी लिहिलं: "मी तुला ओळखत नाही. मी भांडी घासणारा. काल रात्री जेवण झाल्यावर तुझ्या टेबलावरच्या सगळ्यांच्या प्लेट्स तू आणून दिल्यास. माझी दहा मिनिटं वाचली. थँक्स." काकूंनी वाचलं, जरा तोंड वाकडं केलं, पण पाकिटात घातलं. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, चर्चच्या पोरांचं आम्हाला काय? जरा थांबा. गेल्या ऑफसाइटला गोल करून बसवलं होतं ना? "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग सांगा", आणि शेजारी तुमचं अप्रेझल करणारा मॅनेजर वही घेऊन? तरफ तीच आहे, फक्त येशूच्या जागी क्यू-थ्रीचं टार्गेट. त्या पोरांसाठी निदान कुणीतरी रात्रभर प्रार्थना तरी करत होतं.

आमची पुढची ऑफसाइट लोणावळ्याला आहे, मी तेव्हा सुट्टीवर भारतात असेन म्हणून मलाही बोलावलंय. दोन दिवसांचं तपशीलवार वेळापत्रक पाठवा, अशी मेल मी एचआरला टाकली. दहा मिनिटांत उत्तर आलं, शेवटी स्मायली: "इट्स अ सरप्राइज!"