वगळलेल्या नावांचा हक्क

टर्मिनलसमोर बसून काम करणाऱ्या माणसाचा आणि शेलचा व्यवहार बव्हंशी टॅब या एका कळीवर चालतो. नावाची आरंभीची दोन-तीन अक्षरे आपण लिहावीत, कळ दाबावी आणि उरलेले नाव शेलने पुरे करून द्यावे, अशा प्रकारची सोय टेनेक्स या कार्यप्रणालीत पूर्वीच रुळलेली होती. तिच्या धर्तीवर केन ग्रीअर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात फाइलनावांच्या पूर्तीची रचना केली, १९८१ साली ती सी शेलमध्ये समाविष्ट झाली आणि त्यातून सिद्ध झालेल्या टीसीशेलचा हा वारसा पुढे बॅश आणि झेडशेल या दोघांनीही उचलला. आजच्या लेखात या सोयीच्या एका उपांगाचा विचार करावयाचा आहे. नको असलेल्या डिरेक्टरींची नावे पूर्तीतून वगळण्याची तरतूद कोणत्या मर्यादेत वापरावी, हा तो प्रश्न होय.

नामपूर्तीचे सारे सामर्थ्य निःसंदिग्धतेत आहे. लिहिलेल्या अक्षरांना जुळणारे नाव एकच असेल, तर शेल ते तत्काळ पुरे करतो. दोन असतील, तर त्यांच्या समान भागापाशी थबकतो आणि निवड आपल्यावर सोपवतो. सीव्हीएस या आवृत्ती-व्यवस्थेच्या अमलात प्रकल्पाच्या प्रत्येक डिरेक्टरीत तिच्या दफ्तराची ‘सीव्हीएस’ नावाचीच एक उपडिरेक्टरी असे. जावाच्या प्रकल्पांत पॅकेजच्या नावाबरहुकूम डिरेक्टरीत डिरेक्टरी अशी लांब उतरंड असते, आणि पुष्कळदा प्रत्येक पायरीवर पुढे जाण्याचा मार्ग एकच असतो. जेथे केवळ टॅब दाबत तळापर्यंत पोचता यावे, तेथे या आगंतुक दफ्तरामुळे दर पायरीला दोन नावे समोर येत आणि हात थांबे. सबव्हर्जननेही ‘डॉट एसव्हीएन’ ही डिरेक्टरी अशीच सर्वत्र पेरली होती. २०११ च्या १.७ या आवृत्तीपासून ती प्रकल्पाच्या मुळाशी एकच उरली.

तो उपद्रव शमला, तरी यंत्रनिर्मित डिरेक्टरींचा सुकाळ ओसरलेला नाही. पायथनचे एखादे पॅकेज विकासासाठी प्रस्थापित केले, की पॅकेजच्या डिरेक्टरीशेजारी पुष्कळदा त्याच नावाला ‘डॉट एग-इन्फो’ असे शेपूट जोडलेली दुसरी डिरेक्टरी उभी राहते, आणि नाव कितीही पुढपर्यंत लिहिले तरी संदिग्धता मिटत नाही. रस्टच्या प्रकल्पात ‘टेस्ट्स’कडे जाऊ म्हणून पहिले अक्षर लिहावे, तर ‘टार्गेट’ आडवे येते. यांपैकी कोणतीही डिरेक्टरी निरुपयोगी नाही. मात्र माणसाला तेथे क्वचितच जावे लागते, आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूने नित्याची वाट अडवू नये, ही अपेक्षा सर्वस्वी रास्त आहे.

या अपेक्षेसाठीच ‘फिग्नोर’ची तरतूद आहे. सी शेलच्या परंपरेतून आलेल्या या चलात वगळावयाच्या शेपटांची यादी लिहावी, म्हणजे त्या शेपटाची नावे पूर्तीतून गळतात. बॅशमध्ये ही शेपटे अपूर्णविरामाने (:) विलग करून लिहावयाची असतात. वगळलेली डिरेक्टरी नष्ट होत नाही, तिच्यात जाण्याची मनाईही होत नाही. पूर्ण नाव स्वहस्ते लिहिल्यास ती पूर्ववत उघडते. एवढे पाहता ही तरतूद निरुपद्रवी वाटते. परंतु तिचा खरा कस लागतो तो निराळ्या प्रसंगी: लिहिलेल्या अक्षरांना जुळणारे नाव एकच आहे, आणि तेच नेमके वगळलेल्यांपैकी आहे, अशा वेळी शेलने काय करावे?

टीसीशेलने याचे उत्तर समंजसपणे दिले आहे. पूर्तीला जागा एकच असेल तर वगळण्याचा नियम तेथे लागू होत नाही, आणि पर्यायांची यादी मागितली असता वगळलेली नावेही तिच्यात दिसतात. झेडशेलची मूळ मांडणीही अशीच उदार आहे: अन्य काही सापडले नाही, तर वगळलेल्या नावांचा पुन्हा विचार करण्याची मुभा तिने प्रथमपासून राखली आहे. बॅशचा शिरस्ता मात्र उलट आहे. तेथे ‘फोर्स फिग्नोर’ हा पर्याय मुळातच चालू असतो, आणि त्याच्या अमलाखाली वगळलेले नाव एकमेव असले तरी ते दिले जात नाही. पायथनच्या ज्या पॅकेजाचा तपशील पाहण्यासाठी आपण ‘एग-इन्फो’त जाऊ इच्छितो, त्याचे नाव ठिपक्यापर्यंत लिहून टॅब दाबली तरी शेल मौन धारण करतो, आणि कळ दाबून पाहण्याची सवय जडलेल्या माणसाला त्या मौनाचा अर्थ एकच लागतो, की ही डिरेक्टरी अस्तित्वातच नाही. सोयीसाठी केलेला नियम येथे चुकीची माहिती देऊ लागतो, आणि म्हणून बॅशचा हा शिरस्ता मला समर्थनीय वाटत नाही.

नियमाचे क्षेत्रही आखूडच असावे. बॅशची ओळख शेपटापुरती असल्यामुळे ‘बिन’ वगळणाऱ्याच्या हातून ‘एसबिन’ही वगळले जाते, आणि हे त्याच्या ध्यानी येण्यास फार काळ लागतो. झेडशेलमध्ये ‘इग्नोअर्ड पॅटर्न्स’ या शैलीने पूर्ण नाव सांगता येते, इतकेच नव्हे तर ते केवळ ‘सीडी’ या आज्ञेपुरते वगळून इतर आज्ञांना मोकळे ठेवता येते. जेथे नित्य वावरावयाचे तेथे अडथळा नको, परंतु पुसून टाकण्याच्या आज्ञेसमोर मात्र सारे काही दिसावे, हा विवेक तिच्यात साधतो. येथे एक इशाराही अगत्याचा आहे. नामसाधर्म्यामुळे ‘फिग्नोर’च्या जागी ‘ग्लोबिग्नोर’ वापरण्याचा मोह कोणी करू नये. ते चल तारांकित आज्ञांचा विस्तार नियंत्रित करते, आणि त्यात काहीही लिहिताच ठिपक्याने आरंभ होणाऱ्या, एरवी तारांकनाबाहेर राहणाऱ्या गुप्त फाइलीही त्या विस्तारात येऊ लागतात. पूर्तीचा पसारा आवरण्यास निघालेल्या माणसाकडून अशाने भलत्याच फाइली पुसल्या जाण्याचा संभव असतो.

तेव्हा बॅश वापरणाऱ्या वाचकांना माझी आग्रहाची विनंती अशी, की वगळावयाची शेपटे मोजकी आणि निःसंदिग्ध ठेवावीत, आणि ती ज्या आरंभ-फाइलीत लिहिली असतील तिच्यातच ‘शॉप्ट’ या आज्ञेने ‘फोर्स फिग्नोर’ बंद करणारी एक ओळ अवश्य लिहावी. वगळलेले नाव मागे राहावे हे योग्यच; परंतु दुसरे कोणतेही नाव उरले नसता ते पुढे येण्याचा हक्क त्याला असलाच पाहिजे.