वरणाचे पाणी नको, वरण द्या

आमच्या बाळाचे सहाव्या महिन्यात उष्टावण झाले. खीर चाटवली, फोटो काढला. पुढे आईने वरणाचे वरचे पाणी सुरू केले. बाळ वाटीभर पिऊन शांत झोपे, मीही खूश! पण महिन्याने अंगणवाडीत वजन केले, तर काटा जागचा हलला नव्हता. सेविकाताईंनी विचारले, "भाऊ, त्या पाण्यात डाळ किती?"

वाचकहो, बाळाचे पोट एवढेसे. ते पाण्यानेच भरले, तर दूधही कमी जाते. पूर्वी चार महिन्यांपासूनच वरचे अन्न सांगत. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर म्हणते. त्यानंतर मात्र एकट्या दुधातले लोह पुरत नाही.

आता मीच मऊ भात नि मुगाचे वरण कुस्करतो, वर थोडे तेल. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये, इतके दाट. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. अंगावरचे दूध चालूच. चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख. महागड्या डब्यांची गरज काय? बाळ घास जिभेने बाहेर ढकलते, पण ते नावडले म्हणून नव्हे. गिळणे शिकत असते.

शेजारी हसतात, "बाप भरवतो!" हसोत. काल बाळाने चमचा स्वतःच ओढला.