कंठातील गाणे आणि गावाचे दप्तर

सकाळच्या कर्जत लोकलने अंबरनाथ-बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या तरुणांपैकी एखाद्याच्या सदऱ्यावर जटाधारी बॉब मार्लेचा चेहरा हमखास दिसतो. हा पुरुष कोण, असे विचारल्यास 'परदेशी गायक' याहून अधिक उत्तर बहुधा मिळत नाही. ज्याने आयुष्यभर गुलामांच्या वंशजांची व्यथा गाइली, त्याचे अखेर कापडावरील चित्र व्हावे, हा काळाचा उपरोध होय.

मार्लेचा जन्म १९४५ साली जमैकातील एका खेड्यात झाला. तो वाढला किंग्स्टन शहराच्या ट्रेंचटाउन या दरिद्री वस्तीत. इथिओपियाच्या गादीवर १९३० साली आलेल्या हैले सेलासी या सम्राटात जमैकातील कृष्णवर्णीय गरिबांनी आपला त्राता पाहिला आणि त्यातून रास्ताफारी पंथ उदयास आला. शोषकांच्या व्यवस्थेला हे लोक 'बॅबिलॉन' म्हणत. मार्लेच्या रेगे संगीताने ही भाषा जगभर नेली. डिसेंबर १९७६ मध्ये त्याच्यावर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी तो जखमी अवस्थेत व्यासपीठावर गायला. १९८१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला.

हे सारे आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत आले, कष्टाची कामे करीत राहिले आणि प्रौढ वयात अक्षरे शिकले. कोणी पत्र वाचून दाखवा म्हटले, ते वाचता आले नाही, त्या शरमेतून ही साक्षरता आली. पुढे त्याच लेखणीतून हजारो गीते उतरली. डॉ. आंबेडकरांचा विचार, जो ग्रंथांत वाचणे अनेकांना शक्य नव्हते, तो या गीतांनी चाळीचाळींत आणि वाडीवाडींत पोहोचविला. मार्लेचा 'कॅच अ फायर' हा गीतसंच १९७३ सालचा. वामनदादांचा 'वाटचाल' हा पहिला संग्रहही त्याच सालचा.

दोहोंत भेदही आहे आणि तो झाकून चालणार नाही. रास्ताफारींनी राजाला देव मानले. उलट डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. त्यांच्याविषयीच्या गीतांत भक्ती ओसंडून येते, हे खरे. पण त्या भक्तीसोबत शिक्षणाचा आणि समतेचा आग्रहही येतो, हेही तितकेच खरे.

दुसरा भेद अधिक बोचणारा आहे. मार्लेचे गाणे ध्वनिमुद्रिकांत सुरक्षित राहिले. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. आपल्याकडील शाहिराचे गाणे मात्र एका कंठातून दुसऱ्या कंठात गेले. शेवटच्या कडव्यातील 'वामन' ही नाममुद्रा गाळली गेली, की कर्ताच हरवला. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्यांचे संग्रह तरी छापले गेले. गल्लोगल्लीच्या ज्या गायनपार्ट्यांनी ती गीते गाइली आणि स्वतःची रचली, त्यांच्या वह्यांचे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या येथील वस्त्यांत भीमजयंतीच्या रात्री गाण्यांनी जागविल्या गेल्या. फाळणीनंतर लष्करी छावणीत वसविलेल्या उल्हासनगरात सिंधी निर्वासितांनी आपली भगत गायनाची परंपरा आणली. घर हरवलेल्यांनी गाण्यात घर बांधावे, हे जमैकाइतकेच येथेही घडले. पण कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय थर दमट हवेत खराब होतो, तिला बुरशी लागते. ती वाजविणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनीच्या पुराने काठच्या घरांत शिरून कागदाची गत काय होते, हे दाखविलेच आहे.

गाणे जिवंत असते, ते कपाटात कोंडू नये, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नोंद केल्याने गाणे मरत नाही. गाणाऱ्याबरोबर मात्र ते मरू शकते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सुटीत वृद्ध गायकांकडे पाठवावे. गीत कोणाचे, चाल कोणाची, कोठे गाइले, हे लिहून घ्यावे. कॅसेटची प्रत करून मूळ फीत ज्याची त्याला सन्मानाने परत द्यावी. नगरपालिकांच्या वाचनालयांनी एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी राखावी. नोंदवहीचे मोल कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही.

यास मोठा निधी लागत नाही. लागते ती आपल्याच शेजाऱ्याच्या गाण्याला वारसा मानण्याची तयारी. दूरच्या गायकाचा चेहरा सदऱ्यावर मिरविणाऱ्या तरुणाने शेजारच्या म्हाताऱ्या शाहिराचे दार एकदा ठोठावले, तर मार्लेलाही त्याने अधिक जाणले, असेच म्हणावे लागेल.