रुग्णाचा आहार उपचारात धरणार की नाही?

क्षयरोग्याला औषधाबरोबर आहारही दिला पाहिजे, हे तत्त्व केंद्र सरकारने २०१८ साली निक्षय पोषण योजनेद्वारे स्वीकारले. महिना ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. त्याच वेळच्या दुसऱ्या निर्णयाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. निदानाच्या वेळी ज्यांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे, अशा सुमारे १२ लाख रुग्णांना पहिले दोन महिने अधिक उष्मांकांचा पूरक आहार देण्याचे ठरले.

या दोन महिन्यांचे मोल झारखंडमधील 'रेशन्स' अभ्यासातून दिसते. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. रुग्णांना दिलेला शिधा धान्य, डाळ, दूधभुकटी आणि तेलाचा होता, महागड्या डब्यांचा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ज्याला जेवण जाते, त्याला अन्नच द्यावे.

प्रश्न आहे तो ज्यांना जेवण जात नाही त्यांचा. केमोथेरपीने तोंड आलेला कर्करुग्ण, पक्षाघातानंतर गिळण्यास अडखळणारा, शस्त्रक्रियेनंतर दोन घासांत ताट सारणारी वृद्धा. गोव्यात अशा वेळी पेज येते. पेज पचायला हलकी खरी, पण तिच्या पातळ निवळीत बळ फारच थोडे. वाटी रिकामी झाली की घरच्यांना समाधान वाटते. वजन उतरतच राहते.

येथे पातळ पूरक आहाराचा उपयोग होतो. रुग्णांसाठीच्या भुकट्या सांगितलेल्या प्रमाणात कालवल्यास साधारण एका मिलीलिटरला एक उष्मांक मिळतो. म्हणजे २०० मिलीलिटरच्या पेल्यात सुमारे २००, शिवाय प्रथिने. पण डबा महाग, म्हणून तो पुरवून वापरण्यासाठी चारऐवजी दोनच चमचे घातले जातात. मग उरते ते गोड पाणी. त्यापेक्षा दुधात दूधभुकटी आणि नाचणीचे सत्त्व, वर चमचाभर तूप, हे अधिक प्रामाणिक. पेय जेवणाआधी नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये, घोटघोट द्यावे. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पेयही धोक्याचे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर पाजणे तर जिवावर बेतू शकते.

बाजाराने गोंधळ वाढवला आहे. व्यायामपटूंची प्रथिन भुकटी, मुलांचे माल्टचे पेय आणि रुग्णाचा संपूर्ण आहार एकाच फळीवर दिसतात. २०२४ साली केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने बोर्नव्हिटासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्यास ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरण्यास मज्जाव केला. नावे सुधारली, तरी कोणत्या रुग्णाला कोणता डबा, किती दिवस, हे दुकानदाराने ठरवणे थांबलेले नाही.

क्षयाच्या बाबतीत आहार उपचाराचा भाग ठरतो. कर्करोगाच्या बाबतीत तो कुटुंबाची ऐपत का ठरावा? राज्याच्या आरोग्य योजनांत याचा विचार व्हायला हवा. सुरुवात खर्चाचीही नाही: घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कागदावर, गोळ्यांच्या यादीशेजारी, दाखल होतानाचे वजन, आताचे वजन आणि रोज किती उष्मांक पोटात गेले पाहिजेत, एवढ्या तीन नोंदी.