नातीच्या जोडीने पुन्हा सायकलवर

एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणवणाऱ्या पुण्यात आपणही डबलसीट हिंडला असाल. आता नात सायकल शिकते आहे. तिच्यामागे धावण्याऐवजी शेजारून सायकल चालवून पाहावी. शरीराचा बराचसा भार सीटवर पडत असल्याने गुडघ्यांना ताण कमी पडतो. मात्र या वयात पडणे महागात जाते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर येत असल्यास मोह आवरावा. बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतील एवढी सीट खाली घ्यावी. तोल जमल्यावर ती थोडी वर करावी. हेल्मेट दोघांनीही घालावे. मोकळ्या मैदानात, गप्पा मारता येतील अशा वेगाने, आरंभी दहा मिनिटे पुरेत. घरच्यांनी ‘आता कशाला?’ म्हणण्यापेक्षा ब्रेक आणि हवा तपासून द्यावी. एवढ्यानेही आजोबांची उमेद टिकते.