माउसला द्या सुट्टी!

डोक्यात लॉजिक जुळत आलंय, बोटं कीबोर्डवर मस्त पळताहेत आणि तेवढ्यात एक फाइल हवी असते. हात माउसकडे. फोल्डर उघडा, स्क्रोल करा, पुन्हा वर या... फाइल सापडते, पण लॉजिक गायब! शॉर्टकट्सचा खरा फंडा इथंच आहे, बॉस. दोन-चार सेकंद वाचतात हे ठीक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लागलेली तंद्री मोडत नाही.

मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये आणलेला 'व्हीएस कोड' वापरत असाल, तर एवढे पाच पुरे.

कंट्रोल + पी : फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर मारा. फाइल हजर!

ऑल्ट + वरचा किंवा खालचा बाण : अख्खी ओळ उचलून वर-खाली. कट-पेस्टची कटकट नाही.

कंट्रोल + स्लॅश : ओळ कॉमेंट करा, पुन्हा दाबून मोकळी करा.

कंट्रोल + डी : शब्दावर कर्सर ठेवून दाबत राहा. तोच शब्द पुढे जिथं जिथं असेल, तिथं एकेक सिलेक्ट होत जातो. मग एकदाच टाइप करा, सगळीकडे बदल. एक जास्त निवडला गेला? कंट्रोल + यू.

एफ २ : हा खरा हिरो! व्हेरिएबलचं नाव बदलायला बरेच जण सरळ 'रिप्लेस ऑल' मारतात. 'आयडी'चं नाव असं बदललंत, तर 'विड्थ'च्या स्पेलिंगमध्ये लपलेले आय आणि डीसुद्धा बदलतात आणि चालता कोड झोपतो. तेही नेमकं घरी निघायच्या वेळी! एफ २ नुसती अक्षरं बघत नाही, ते नाव कोडमध्ये कोणाचं आहे हे बघून तेवढंच बदलतो. तुमच्या लँग्वेजचा सपोर्ट एडिटरमध्ये असला म्हणजे झालं.

मॅकवाल्यांनो, कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन दाबा. एफ २ तोच.

आता पाचही आजच पाठ करायला बसू नका, उद्या एकही आठवणार नाही. आठवड्याला एक घ्या, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. बोटांना सवय लागली की चिठ्ठी बदला. पुढच्यासाठी कंट्रोल + के आणि लगेच कंट्रोल + एस दाबा, सगळी यादीच समोर येईल.

सुरुवात कुठून? अर्थात एफ २पासून!